मेलला उत्तर आलं नाही, हे मशीनला कसं कळतं?

मावशीचा फोन आला. “अगं, माझे मेल कोणी वाचतंय का?” तिच्या जीमेलमध्ये तिचाच एक जुना मेल आपोआप वर येऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी केशरी अक्षरांत एक ओळ होती. ओळीचा अर्थ असा, की हा मेल पाच दिवसांपूर्वी पाठवलाय, पुन्हा विचारायचं का? तिने खरंच एका ठिकाणी प्रमाणपत्राबद्दल विचारणा केली होती आणि उत्तर आलेलं नव्हतं. मशीनचं म्हणणं बरोबर होतं, आणि तिला धास्ती बसली ती त्याचमुळे.

दुसऱ्या टोकाला माझा एक सहकारी. त्याच्या मेलमध्ये उजव्या बाजूला एक पट्टी दिसते. कोणाचाही मेल उघडला की त्या माणसाचा फोटो, हुद्दा, कंपनी, शेवटचा पत्रव्यवहार, सगळं हजर. त्याला त्याचं भारी कौतुक. तरीही परवा तो ज्या बाईंशी दोन वर्षांपूर्वी सहा महिने काम केलं, त्यांना “आपली ओळख करून देतो” असा मेल पाठवून मोकळा झाला.

एकाला भीती वाटते, दुसऱ्याचा आंधळा भरवसा. मेलमधली ओळखींची यादी, तिला जोडलेली सोशल प्रोफाइलं आणि पाठपुराव्याचे रिमाइंडर, यांच्या आत काय चालतं ते कळलं तर दोन्ही जरा कमी होतील.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून मेल पाठवताना मध्ये @ हे चिन्ह वापरलं. त्याच्या डावीकडे खातेदाराचं नाव, उजवीकडे ते खातं असलेल्या संगणकाचं नाव. आजही ईमेल पत्ता एवढंच सांगतो: कोणत्या यंत्रावरची कोणती पेटी. पेटीमागचा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नसतं. नोकरी बदलली की पेटी बदलते, माणूस तोच राहतो. कधी उलटंही होतं. ‘माहिती’ किंवा ‘हिशेब’ अशा नावाची पेटी तीच राहते आणि पलीकडची माणसं बदलत जातात.

मेलमधली कॉन्टॅक्टची यादी या पत्त्यांवर उभी असते. त्यातल्या एका नोंदीचा सर्वमान्य साचा आहे, त्याला व्हीकार्ड म्हणतात. तो 1995 चा. फोनमधून कोणाचा कॉन्टॅक्ट पाठवला की ‘व्हीसीएफ’ शेपटीची फाइल जाते ना, तीच ही. एखादी साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत कसलीही जादू नाही, ओळीमागून ओळी आहेत: पूर्ण नाव, फोन, ईमेल, संस्था, हुद्दा, वाढदिवस आणि ‘नोट’. बहुतेकांच्या फाइलमध्ये ही नोटची ओळ नसतेच, कारण तिथे कोणी कधी काही लिहिलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ‘शेवटचं बोलणं कधी झालं’ यासाठी या साच्यात रकानाच नाही. ‘कशाबद्दल झालं’ यासाठीही नाही. सोशल प्रोफाइलसाठी स्वतंत्र अधिकृत रकाना यायला तर 2024 उजाडलं. त्याआधी कंपन्या आपापल्या परीने ठिगळं लावत होत्या, म्हणून एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये यादी नेली की प्रोफाइलच्या लिंक वाटेतच गळायच्या. पत्ता कसा लिहावा हे साच्याला माहीत आहे. त्या माणसाशी आपलं नातं काय, हे त्याला कोणी कधी विचारलंच नाही.

एकाच माणसाच्या चार नोंदी

मध्यंतरी मला पुस्तकाची सूची करून देणाऱ्या एका बाईंना गाठायचं होतं. यादीत नाव टाकलं तर चार नोंदी. पहिली जुन्या कंपनीच्या पत्त्याची, तिच्यावर पाठवलेला मेल दहा सेकंदांत परत आला. दुसरीत फक्त फोन नंबर आणि नावापुढे मीच कधीतरी लिहिलेलं ‘सूची’. तिसरी त्याच नावाच्या भलत्याच बाईंची. चौथी मी केलेलीच नव्हती. मी कधीतरी त्यांना मेल केला होता, तेव्हा तो पत्ता जीमेलने परस्पर जपून ठेवला होता. चालू पत्ता नेमका हाच निघाला.

ही परस्पर जपणूक दोन्ही बाजूंनी कापते. पत्त्याच्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की उरलेलं नाव आपोआप येतं ते तिच्यामुळेच. आणि चुकीचं नाव येतं तेही तिच्यामुळेच. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला जी-20 परिषद होती. त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने 31 राष्ट्रप्रमुखांचे पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखा असलेला मेल पाठवला तो आशियाई फुटबॉल चषकाच्या आयोजकांपैकी एकाला. मेल प्रोग्रामने आपोआप भरलेलं नाव न तपासता बटण दाबलं गेलं, एवढंच. आपल्या मेलमध्ये राष्ट्रप्रमुख नसतात, पण पगाराचे आकडे असतात, आजाराचे रिपोर्ट असतात.

म्हणून प्रोफाइल आणि रिमाइंडर या पुढच्या गोष्टी. आधी जुळ्या-तिळ्या नोंदी एक करा. गूगल कॉन्टॅक्ट्स अशा नोंदी स्वतःच दाखवतं आणि जोडू का म्हणून विचारतं. ‘सगळ्या जोडा’वर मात्र डोळे मिटून बोट ठेवू नका. माझ्या तिसऱ्या नोंदीसारखी नामसाधर्म्याची माणसं त्यात असतात, आणि एकदा खिचडी झाली की निवडत बसायला लागतं.

शेजारच्या पट्टीत फोटो येतो कुठून

इथे ईमेल पत्ता किल्लीसारखा वापरला जातो. तुम्ही एखाद्या सोशल साइटवर खातं काढताना पत्ता दिलेला असतो. तोच पत्ता तुमच्या मेलवरही असतो. दोन्हीकडे एकच पत्ता दिसला की हा तोच माणूस, असं प्रोग्राम धरून चालतो. ग्रॅव्हटार ही सेवा अशीच चालते. फोटो एकदा पत्त्याशी बांधायचा, मग ती सेवा मानणाऱ्या साइटवर तो पत्ता वापरला की फोटो येतो.

ही कल्पना जुनी आहे. 2010 मध्ये रॅपोर्टिव्ह नावाच्या जोडणीने (म्हणजे मेलला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) जीमेलच्या कडेला पाठवणाऱ्याचा फोटो, नोकरी आणि ताज्या पोस्ट दाखवायला सुरुवात केली. लोकांना ती इतकी आवडली की 2012 मध्ये लिंक्डइनने ती विकत घेतली. आउटलुकमध्ये झोब्नी होती (‘इनबॉक्स’चं स्पेलिंग उलटं वाचलं की हे नाव होतं). ती 2013 मध्ये याहूकडे गेली आणि पुढच्याच वर्षी बंद पडली. रॅपोर्टिव्हही 2018 मध्ये गुंडाळली गेली.

ही साधनं दुसऱ्याच्या विहिरीतून पाणी भरत होती. सोशल साइट आपली माहिती बाहेरच्या प्रोग्रामला देते ती एका ठरावीक दारातून. त्या दाराला एपीआय म्हणतात. दाराची किल्ली मालकाकडे. फेसबुकने 2014 मध्ये नियम बदलले आणि 2015 पासून मित्रांची माहिती बाहेरच्या ॲपला मिळणं जवळपास थांबलं. असं दार लागलं की पलीकडची पट्टी रिकामी.

मालक कधी याहून वाईटही वागतो. 2012 मध्ये फेसबुकने लोकांच्या प्रोफाइलवर दिसणारा ईमेल पत्ता त्यांना न विचारता बदलून स्वतःचा, म्हणजे फेसबुकच्या नावाचा करून टाकला. ज्यांच्या फोनची यादी फेसबुकशी सिंक होती, म्हणजे दोन्हीकडची माहिती आपोआप सारखी होत होती, त्यांच्यापैकी काहींच्या फोनमधले मित्रांचे खरे पत्तेही त्याबरोबर बदलले. स्वतःची वही स्वतःच्या खिशात, आणि खाडाखोड दुसराच करतो!

म्हणून माझं मत असं, की लिंक ठेवा, नक्कल नको. नोंदीत त्या माणसाच्या एका प्रोफाइलचा पत्ता स्वतः चिकटवा. फोटो, हुद्दा, पोस्ट हे सगळं ओढून आणणारं सिंक टाळलेलं बरं. प्रोफाइल तो माणूस स्वतः ताजं ठेवतो, त्याची कालची प्रत आपल्याकडे कशाला? प्रोफाइलही एकच, ज्या कारणाने तुमची ओळख आहे त्या कारणाचं. छपाईचं काम करणाऱ्याच्या सुट्टीतल्या फोटोंची लिंक आपल्या नोंदीत असायचं काही कारण नाही. आणि चिकटवण्याआधी दोन खुणा पटवून घ्या. नुसतं नाव पुरत नाही. नाव आणि जुनी कंपनी, किंवा नाव आणि दोघांच्या ओळखीचा एखादा माणूस.

एवढ्याने काय साधतं? ‘हे कोण’ याचं उत्तर मिळतं, नोकरी बदलली तरी माणूस हरवत नाही. मला त्या सूचीवाल्या बाई प्रोफाइलवर सापडल्या असत्या तर तो परत आलेला मेल टळला असता.

पण माझ्या सहकाऱ्याची फजिती प्रोफाइलने टळली नाही. पट्टीत फोटो होता, हुद्दा होता. ‘यांच्याबरोबर अमुक अहवाल केला, त्यांना शेवटचा भाग पटला नव्हता’ हे नव्हतं. ते कुठल्याच साइटवर नसतं. ते त्या रिकाम्या नोटमध्ये लिहायचं असतं, एका ओळीत, काम संपल्या दिवशी.

आता मावशीची भीती

मशीनने तिचा मेल वाचला का? उत्तर आलं की नाही हे कळायला मजकूर वाचावाच लागत नाही.

सरकारी पत्र आठवा. प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक असतो, आणि उत्तरात सगळ्यात वर लिहिलेलं असतं: ‘संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक’. मेलमध्ये हुबेहूब हेच आहे, फक्त ते आपल्याला दिसत नाही. प्रत्येक मेलच्या माथ्यावर हेडर नावाचा मजकूर असतो. त्यात त्या मेलचा एकमेव असा ‘मेसेज आयडी’ असतो. तुम्ही ‘रिप्लाय’ दाबलं की तुमच्या मेलच्या हेडरमध्ये ‘इन-रिप्लाय-टू’ या ओळीत मूळ मेलचा आयडी आपोआप जातो. मेलचे जागतिक नियम 1982 मध्ये लिहिले गेले त्यातही हे होतं. म्हणजे आवक-जावक वही जुळवणाऱ्या कारकुनाचं काम आहे हे: या जावक क्रमांकाचा संदर्भ असलेलं पत्र आवकमध्ये आलंय का? नाही? दिवस किती झाले? पाच? मग साहेबांच्या टेबलावर ठेवा.

मजकुराचा प्रश्न येतो पुढे. उत्तर न आलेले मेल तर शेकडो असतात. त्यातला कुठला आठवण करण्याजोगा? “धन्यवाद, मिळालं” याला उत्तर नसतंच. इथे जीमेल अंदाज बांधतं, आणि हे काम यंत्रच करतं. 2018 पासून ही सोय आहे. अंदाज आहे म्हणजे तो चुकणार. पलीकडच्याने उत्तर फोनवर दिलं, किंवा रिप्लाय न दाबता नवा मेल लिहिला, किंवा दुसऱ्याच पत्त्यावरून लिहिला, तर संदर्भ क्रमांक जुळत नाही आणि कारकून उगीच फाइल पुढे सरकवतो.

तीन जातींच्या आठवणी

पहिली स्नूझ: हा मेल आत्ता डोळ्यांसमोरून हलव, सोमवारी सकाळी परत आण. दुसरी वर सांगितलेली, मशीनच्या अंदाजाची. तिसरी अटीची: चार दिवसांत उत्तर आलं नाही *तरच* परत आण, आलं तर विसरून जा. जीमेलसाठी बूमरँग नावाची जोडणी 2010 पासून हे करते. आउटलुकमध्ये पाठवतानाच मेलला झेंडा लावून तारीख देता येते, पण तो झेंडा उत्तर आल्यावर आपण होऊन उतरत नाही.

माझ्या मते तिसरी सगळ्यात कामाची. पाठपुराव्याच्या रिमाइंडरची खरी परीक्षा तो गप्प कधी बसतो यात आहे. काम झाल्यावरही वाजणारे रिमाइंडर आठवडाभर आले की माणूस सगळेच न वाचता पुसायला लागतो, आणि त्यात खरा एक जातो.

संगणक नव्हते तेव्हाही हे चालत होतं. त्रेचाळीस फोल्डर ठेवायचे, 31 महिन्याच्या तारखांचे आणि 12 महिन्यांचे. ज्या पत्राचा विचार 17 तारखेला करायचा ते 17 च्या फोल्डरमध्ये. रोज सकाळी त्या दिवसाचा फोल्डर उघडायचा. त्यात एक गोष्ट आपोआप व्हायची जी आज होत नाही: कागद हातात घेऊन तो *कशासाठी* ठेवतोय हे त्यावर लिहावं लागायचं.

आज आपण रिमाइंडरला नाव देतो ‘फॉलो-अप’. आठ दिवसांनी तो वाजतो तेव्हा कोणाला, कशाचा, काय विचारायचं ते पुन्हा मेल उकरून शोधायचं. मग आपण त्याला उद्यावर ढकलतो, उद्या परवावर. त्याऐवजी क्रियापद लिहा. ‘नमुना पानं पाहिली का, विचारणे.’ ‘पाहिली नसतील तर पहिली दोनच बघा म्हणणे.’ वाजला की लगेच करता येईल, एवढं त्यात हवं.

“सर्च आहे की, मग ही उठाठेव कशाला?”

सर्च करायला नाव आठवावं लागतं. जो माणूस विसरला गेलाय त्याला कोण शोधणार?

आणि विसरली जाणारी माणसं बिनमहत्त्वाची नसतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून हे कळलं तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? 1973 मध्ये त्यांनी आकडे छापले. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे फक्त 16.7 टक्के. वर्षातून एकदापेक्षा जास्त, पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी भेटणारे 55.6 टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे 27.8 टक्के. पाहणी लहान होती, 54 जणांची, तरी त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबचा आणतो.

म्हणून नियमित संपर्काचे रिमाइंडर लावायचेच तर लांबच्यांसाठी लावा. रोज बोलणाऱ्या माणसाचा रिमाइंडर हा निव्वळ गोंगाट.

“पण हे कृत्रिम नाही वाटत?”

वाढदिवस डायरीत लिहून ठेवणारा माणूस आपल्याला खोटा वाटत नाही. आठवण कशाने झाली यापेक्षा आठवण झाल्यावर काय लिहिलं ते पलीकडच्याला दिसतं. कृत्रिमपणा येतो तो एकच साचा वीस जणांना पाठवला की. रिमाइंडर वाजला आणि लिहायला खरंच काही नसेल, तर खुशाल पुढची तारीख टाका. “सहज आठवण झाली” हे खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं.

“मागे लागल्यासारखं होतं हो”

होतं, कारण आपण लिहितो तसं. हा बघा नेहमीचा नमुना: “माझ्या खालील मेलबाबत अद्याप उत्तर मिळालेले नाही, तरी त्वरित कळवावे.” स्मरणपत्र क्रमांक दोनचा वास येतो. समोरच्याला आता जुना मेल उकरायचाय, अपराधी वाटून घ्यायचंय आणि मग काम करायचंय. तो बाजूला ठेवणार हे उघड आहे.

हेच असं लिहिता येतं: “नमस्कार. सूचीसाठी पहिली दोन प्रकरणं सोबत पुन्हा जोडली आहेत. शुक्रवारपर्यंत ‘चालेल’ किंवा ‘बदल हवा’ एवढंच कळवलंत तरी मी पुढे जाईन. या महिन्यात जमणार नसेल तर तसं सांगा, मी दुसरी सोय बघते.” प्रश्न एक, उत्तर एका शब्दात देता येईल असं, आणि नाही म्हणायला वाट मोकळी. त्याच मेलला रिप्लाय करून पाठवा म्हणजे मागचं सगळं खाली असतं.

किती वेळा विचारावं? मी दोनदा विचारते. तिसऱ्यांदा मेल नाही, फोन. फोनही नाही उचलला तर ते उत्तरच समजायचं.

“दुसऱ्याची माहिती साठवणं म्हणजे पाळत नाही का?”

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. 2012 मध्ये पाथ नावाचं एक सोशल ॲप, ते वापरणाऱ्यांच्या फोनमधली कॉन्टॅक्टची पूर्ण यादी न विचारता आपल्या सर्व्हरवर चढवत असल्याचं उघड झालं आणि कंपनीला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेत आठ लाख डॉलरचा दंडही झाला, त्यात मुलांची माहिती गोळा केल्याचाही भाग होता. लिंक्डइनने लोकांच्या यादीतल्या पत्त्यांवर त्यांच्या नावाने पुन्हापुन्हा आमंत्रणं पाठवली, तो खटला 2015 मध्ये 1 कोटी 30 लाख डॉलरवर मिटला. दोन्हींत गोम एकच: यादी तुमची, पण त्यातली माणसं ‘हो’ म्हणालेली नव्हती. ‘तुमचे मित्र शोधू का’ या बटणामागे हेच असतं. मी ते दाबत नाही.

दुसरा प्रकार, मेल उघडला का हे कळवणाऱ्या जोडण्या. त्या मेलमध्ये एका टिंबाएवढं अदृश्य चित्र घालतात. ते उतरवून घेतलं गेलं की पाठवणाऱ्याला वर्दी. ॲपलने 2021 पासून आपल्या मेलमध्ये अशी चित्रं, मेल घेणाऱ्याच्या परवानगीने, आधीच परस्पर उतरवून घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे ती वर्दी आता भरवशाचीही राहिली नाही. आणि भरवशाची असती तरी “तुम्ही मंगळवारी दोनदा उघडला होतात” हे मनात ठेवून लिहिलेला मेल कसा उतरतो, ते घेणाऱ्याला बरोबर कळतं.

नोटमध्ये काय लिहावं याची माझी कसोटी साधी आहे. तो माणूस खांद्यावरून वाकून वाचत असला तर मी हेच लिहीन का? ‘शेवटचा भाग पटला नव्हता, पुढच्या वेळी आधी दाखवणे’ हे लिहीन. ‘कटकट्या’ हे लिहिणार नाही, मनात ठेवीन.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं, आवक-जावकसकट. तिची सगळी नोकरी कचेरीत झालेली, तिला लगेच उमगलं. मग मी तिला जीमेलच्या सेटिंगमध्ये नेलं. तिथे या सूचनांपुढे दोन वेगळ्या चौकटी आहेत: एक तुम्ही पाठवलेल्या आणि उत्तर न आलेल्या मेलची, दुसरी तुम्हाला आलेल्या आणि तुम्हीच उत्तर न दिलेल्या मेलची. तिने पहिलीवरची खूण काढली, दुसरी तशीच राहू दिली. “मला कोणी उत्तर दिलं नाही ते मला पाठ असतं,” म्हणाली, “मी कोणाला दिलं नाही तेच आठवत नाही.”